उन्हाळा-पावसाळा काढलेला पॉवर मॉनिटर : अंबडच्या शॉपमधला अनुभव

निकाल आधीच सांगतो. वीजपुरवठ्यावर नजर ठेवणारा मॉनिटर ठेवलाय, सोबत घेतलेलं मोटर कंट्रोलचं मॉड्यूल काढलंय. आणि मॉनिटर ज्या कारणांसाठी आम्हाला विकला गेला, त्यांतल्या एकाही कारणासाठी तो ठेवलेला नाही.

आमचं शॉप नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. फोर्जिंगचा माल बाहेरून येतो, आमच्याकडे मशीनिंग आणि हीट ट्रीटमेंट. ११ केव्हीचा पुरवठा, स्वतःचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, एलटीला (कमी दाबाच्या बाजूला) ४३३ व्होल्ट. लोड म्हणजे सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, आणि भट्टीतून क्वेंच टाकीकडे (तापलेला माल झटकन गार करायला) माल नेणारा एक संथ कन्व्हेअर. होळीच्या सुमारास मेन पॅनलवर न्यूरल नेटवर्कवाला (नमुने बघून शिकणाऱ्या प्रोग्रामचा) पॉवर क्वालिटी मॉनिटर बसवला आणि त्याच कंपनीचं मॉड्यूल कन्व्हेअरच्या ड्राइव्हला, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाला, जोडलं. आता दिवाळी तोंडावर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी आहेत म्हणून.

विकायला आलेल्या पोराने दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या : मोटर जळायच्या आधी कळेल, आणि वीजबिल कमी होईल. शेठ दुसऱ्या वाक्याला भुलले, मी पहिल्या. प्रत्यक्षात उपयोग झाला तो तिसऱ्याच गोष्टीचा. लाइटचा काहीही घोळ झाला की आमच्याकडे पहिला वाद व्हायचा, दोष आतला की बाहेरचा? या डब्याने तो वाद जवळपास संपवला.

बसवणं सोपं होतं. तिन्ही फेज आणि न्यूट्रलवर उघडून अडकवायच्या सीटी (करंट मोजणारी कडी), व्होल्टेजच्या चार तारा, फ्यूज, आणि डेटासाठी आरएस-४८५ची केबल. सुट्टीच्या दिवशी अर्ध्या शिफ्टचं काम. आत काय चालतं ते थोडक्यात असं : एका सायकलमध्ये २५६ वेळा लाटेची उंची मोजली जाते, दहा सायकलचा म्हणजे २०० मिलिसेकंदांचा तुकडा पाडला जातो, आणि नेटवर्क त्या तुकड्याला नाव देतं. डिप (व्होल्टेज क्षणभर पडणं), स्वेल (क्षणभर चढणं), कपॅसिटर स्विचिंग, हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतली जादा लाट), मोटर स्टार्ट, असं काहीतरी. शिवाय दुसरं एक छोटं नेटवर्क आमच्या शॉपची 'नेहमीची' लाट शिकतं, आणि तीत न बसणारं काही आलं की ते बाजूला काढून ठेवतं. मला यातलं दुसरं जास्त आवडलं.

पहिला महिना मात्र वैताग होता. मोबाइल दिवसभर वाजायचा. कारण समजायला वेळ लागला. असली नेटवर्क बहुतेक वेळा सूत्राने बनवलेल्या लाटांवर शिकवतात : स्वच्छ साइन घ्यायची, मधेच उंची कमी करायची आणि त्याला डिप म्हणायचं. आमच्या पॅनलवरची लाट तशी कधीच नसते. ड्राइव्ह आणि पीसीतल्या रेक्टिफायरमुळे (एसीचं डीसी करणाऱ्या भागामुळे) तिचा माथा चपटा असतो, बाजूंना खाचा असतात. छापील पुस्तकावर वाचायला शिकलेल्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी, तसं त्या नेटवर्कचं झालं. कंपनीने आमच्याच डेटावर ते परत शिकवलं तेव्हा ते शांत झालं. कोणी घेणार असेल तर हे पुन्हा शिकवणं किमतीत धरलंय का, ते ऑर्डर देण्यापूर्वी लिहून घ्या. आमच्याकडे धरलेलं नव्हतं, भांडून करून घेतलं.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते.

आमच्या एपीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या, पॅनलमधले कपॅसिटर दरवर्षी फुगायचे. आमचे वायरमन, ज्यांना सगळं शॉप मामा म्हणतं, त्यांचं ठरलेलं उत्तर : "साहेब, सप्लायच घाण आहे, आपण काय करणार." शेजारच्या प्लॉटवर इंडक्शन फर्नेस आहे, त्यामुळे संशयाला जागाही होती. दरवर्षी कपॅसिटर बदलायचे आणि शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची, असा शिरस्ता. कपॅसिटर काढून टाकायची सोय नाही. १ एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाच्या नव्हे तर घेतलेल्या एकूण विजेवर आहे, पॉवर फॅक्टर (त्यातला कामाचा वाटा) घसरला की थेट युनिट वाढतात.

एप्रिलमध्ये मॉनिटरने एक गट बाजूला काढून ठेवला, नाव नुसतंच 'अज्ञात-३'. त्यातल्या सगळ्या नोंदी दिवसपाळीच्या, भर लोडच्या वेळच्या. रात्री एकही नाही. एक लाट उघडून पाहिली तर व्होल्टेजच्या साइनवर बारीक उंचवटे चढलेले. एका सायकलमध्ये मोजले, सात. म्हणजे ३५० हर्ट्झ, सातवा हार्मोनिक. त्या वेळी व्होल्टेजची टीएचडी (हार्मोनिकमुळे लाटेत आलेली एकूण विकृती) ९ टक्क्यांच्या वर होती, रात्री तीच ३ च्या आत. आयईईई ५१९ या मानकात एक केव्हीपर्यंतच्या व्होल्टेजला ८ टक्क्यांची मर्यादा आहे.

मग मामांना एपीएफसीसमोर उभं केलं, मी लॅपटॉप घेऊन मेन पॅनलपाशी. कंट्रोलर कपॅसिटरची एकेक स्टेप (गट) आत घेत होता आणि मामा ओरडून आकडा सांगत होते. सातव्या स्टेपपर्यंत ठीक. "आठ घेतली!" म्हणाले आणि स्क्रीनवर सातव्या हार्मोनिकची दांडी सर्रकन वर गेली. आठवी काढली, खाली आली. परत घेतली, परत वर. मामा स्वतः येऊन स्क्रीन बघून गेले, काही बोलले नाहीत.

हिशेब कागदावर बसतो. ५०० केव्हीए, ५ टक्के इम्पिडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट झाल्यास मिळणारी ताकद) साधारण १०,००० केव्हीए. २५ केव्हीएआरच्या आठ स्टेप म्हणजे २००. दहा हजार भागिले दोनशे, पन्नास. त्याचं वर्गमूळ ७.०७, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ५० हर्ट्झच्या सुमारे सातपटीला झुलतात. आमचेच ड्राइव्ह सहा-पल्सचे, ते पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक सोडतात. आमचाच ट्रान्सफॉर्मर आणि आमचेच कपॅसिटर मिळून सातव्याला झोका देत होते. शेजारच्या फर्नेसचा यात काडीचा संबंध नव्हता.

उपाय नेहमीचा : ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिॲक्टर, म्हणजे कपॅसिटरसोबत जोडायच्या कॉइल. त्याने कपॅसिटर-रिॲक्टरची जोडी १८९ हर्ट्झवर येते, पाचव्याच्याही खाली. एक मात्र लक्षात ठेवा, जुने ४४० व्होल्टचे कपॅसिटर त्यासोबत लावू नका. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्के वाढतं, ४३३ चं ४६५ होतं. आम्ही ५२५ व्होल्टचे घेतले. खर्च झाला, पण त्यानंतर पॅनल उघडलं की हात लावून बघता येईल इतपत गार असतं आणि 'अज्ञात-३' मध्ये नवीन नोंद नाही.

साधा हार्मोनिक मीटर भाड्याने आणला असता तरी हे दिसलं असतं, यात वाद नाही. पण तो नेमका आठवी स्टेप आत असताना लावायला हवा होता, आणि त्याच्याकडे बघत बसायला माणूस हवा होता. आमच्यासारख्या शॉपमध्ये असा माणूस नसतो. नेटवर्कने शोध लावला असं मी म्हणणार नाही. हजारो लाटांतून बघण्यासारख्या तेवढ्या बाजूला काढून दिल्या, एवढंच केलं. तेवढंही पुष्कळ आहे.

पावसाळ्यातला भाग वेगळा. जून-जुलैत विजा कडाडल्या की लाइट जात नाही, नुसती डुलकी घेते. दिवे मिचकतात आणि दोन सीएनसी थांबतात, इन्सर्ट (कापणारं टोक) तुटतो, जॉब जातो. रेकॉर्डमध्ये दिसलं की असे डिप बहुतेक शंभरेक मिलिसेकंदांचे असतात, म्हणजे लाइनवर कुठेतरी फॉल्ट होऊन रिले तो तोडेपर्यंतचा वेळ. व्होल्टेज ७० टक्क्यांवर येतं. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे जातो, त्यामुळे तो ४९ टक्के उरतो. तरीही जड फिरणाऱ्या मोटरला तेवढ्यात काही होत नाही. मरतात ते कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) आणि मशीनच्या कंट्रोलचा सप्लाय.

आतला-बाहेरचा फरक नेटवर्क करंटवरून ओळखतं. आपली मोटर सुरू झाली तर आधी करंट उसळतो आणि त्याने व्होल्टेज पडतं. बाहेरून डिप आला तर व्होल्टेज पडताना करंट तसा उसळत नाही. सुरुवातीला इथेही ते फसायचं. डिप आला की ड्राइव्हमधल्या कपॅसिटरचं व्होल्टेज लाइनच्या माथ्यापेक्षा जास्त राहतं, डायोड बंद पडतात, करंट दोन-तीन सायकल जवळपास शून्य. मग सप्लाय सावरला की सगळे ड्राइव्ह एकदम भरून घेतात आणि करंटचा मोठा ढेकर येतो. नेटवर्क त्याला 'मोटर स्टार्ट' म्हणायचं. पहाटे तीनला कोण मोटर सुरू करतंय म्हणून मी रात्रपाळीच्या सुपरवायझरला विनाकारण फोन केले. जुलैच्या अपडेटनंतर हे थांबलं.

या नोंदींच्या जोरावर शेठनी सीएनसींच्या कंट्रोल सप्लायला छोटे यूपीएस मंजूर केले, आणि ड्राइव्हमध्ये आधीपासूनच असलेला डिप सहन करायचा पॅरामीटर आम्ही चालू केला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात डिप आले तरी मशीन थांबली नाहीत. आधी नुसत्या तोंडी तक्रारीवर हे पैसे सुटत नव्हते.

मोटर बिघाडाच्या भाकितावर फार लिहिण्यासारखं नाही. कॉम्प्रेसरच्या मोटरला 'रोटर बार', म्हणजे फिरत्या भागातली पट्टी तुटल्याचा, इशारा आला होता. १४७५ आरपीएमची मोटर, स्लिप १.७ टक्के (१५०० पेक्षा तेवढी मागे), तुटक्या बारच्या खुणा ५० हर्ट्झच्या दोन्ही अंगांना साधारण ४८.३ आणि ५१.७ ला दिसायला हव्यात. दिसत होत्या ४९.१ आणि ५०.९ ला. म्हणजे खूण होती, पण लोडच्या हेलकाव्याची. सातपूरच्या आमच्या रिवाइंडिंगवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "दादा, मोटर आवाज करत नाही, तापत नाही, कशाला उघडता?" नाही उघडली. ती अजून तशीच चालतेय.

आता मॉड्यूल. मोटर कंट्रोलमध्ये न्यूरल नेटवर्क ही काही नवी टूम नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक बिमल बोस यांनी २००७ मध्येच या विषयाचा मोठा आढावा घेतला होता, आणि त्याआधीपासून लोक यावर काम करत होते. आमचा प्रश्न साधा होता. कन्व्हेअरची मोटर ५ हर्ट्झच्या आसपास चालते, एन्कोडर (शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर) नाही, त्यामुळे वेगाचा अंदाज व्होल्टेज-करंटवरूनच बांधावा लागतो. इतक्या कमी वेगात मोटरचं स्वतःचं व्होल्टेज इतकं थोडं असतं की वाइंडिंगच्या रेझिस्टन्समधली चूक मोठी ठरते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, ६० अंश तापली की जवळपास चोवीस टक्के. त्यामुळे सकाळी सेट केलेला वेग दुपारी बदलायचा आणि भट्टीतल्या वेळेचा हिशेब चुकायचा.

मॉड्यूल हे शिकलं, खरंच शिकलं. एप्रिल-मेच्या उकाड्यातही दुपारचा वेग धरून राहिला आणि हार्डनेसमधला फरक कमी झाला. मी खूश होतो. मग एक दिवस जॉब आडवा होऊन कन्व्हेअर जाम झाला. अशी अवस्था नेटवर्कला कधी दाखवलेलीच नव्हती. ते काही 'मला माहीत नाही' असं म्हणत नाही, तेवढ्याच आत्मविश्वासाने काहीतरी वेग सांगतं. त्याने वेग भलताच सांगितला, ड्राइव्हने टॉर्क वाढवला, करंट लिमिटला जाऊन ट्रिप होईपर्यंत शिअर पिन (जादा जोर आला की मुद्दाम तुटणारी) तुटली होती. नुकसान पिनपुरतंच, पण तापलेला माल अर्ध्यात अडकला. कंपनीचं म्हणणं, जामचाही डेटा द्या, पुन्हा शिकवू. म्हणजे मी मुद्दाम कन्व्हेअर जाम करू का?

शेवटी शाफ्टला १०२४ पल्सचा एन्कोडर लावला. मॉड्यूलच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात काम झालं, आणि जाम झाला की एन्कोडर सरळ शून्य सांगतो.

वीजबचतीचं काय? शेठ विचारतातच. नेटवर्कने काही वाचवलं नाही. कॉम्प्रेसर रविवारी कुणी काम करत नसतानाही मधेमधे लोड घेतो हे ग्राफमध्ये दिसलं, मग हवेच्या लाइनीतले लीक शोधले, दाब एक बारने उतरवला. एका बारमागे सहा-सात टक्के फरक पडतो, तो पडला. श्रेय ग्राफला आणि साबणाच्या पाण्याला.

तक्रारी आहेत त्या अशा. ॲप फक्त इंग्रजीत आहे, रात्रपाळीच्या पोरांनी त्याचे अलर्ट म्यूट करून टाकलेत. घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेतं, नेट गेलं की काही दिवसांत मिनिटभर सरकतं. सबस्टेशनच्या नोंदीशी डिपची वेळ जुळवायला गेलो तेव्हा हे लक्षात आलं. राउटरला बॅकअप सिम टाकलं. माहितीपत्रकात 'आयईसी ६१०००-४-३० नुसार' असं लिहिलंय, पण क्लास ए (जास्त अचूक) की एस ते लिहिलेलं नाही. आमचा एस निघाला. वीज कंपनीशी अधिकृत वाद घालायचा असेल तर क्लास एचं प्रमाणपत्र मागा, नाहीतर तुमच्या आलेखाला समोरचा हिंग लावून विचारणार नाही. आणि वर्षाची वर्गणी : ती भरली नाही तर नेटवर्क बंद पडतं आणि डबा साधा मीटर उरतो. हे विकताना सांगत नाहीत.

वर्गणीचं नूतनीकरण फक्त मॉनिटरचं केलंय, पुन्हा शिकवणं त्यातच धरायला लावून. मॉड्यूल कपाटात आहे. ज्यांच्याकडे एन्कोडर लावायला शाफ्टचं टोकच मोकळं नाही आणि लोड कधी अडकत नाही, पंखा किंवा पंपासारखा आहे, त्यांनी ते जरूर वापरून बघावं. आमच्या कन्व्हेअरला ते परत लागणार नाही.