कोल्हापुरात राजारामपुरीतलं भावनांचं वर्कशॉप, चार रविवार जाऊन आलो

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे मी, चौदा वर्षं झाली. कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, ब्लो होल (गॅसमुळं पडलेली भोकं) निघाले की लॉट परत, कस्टमरचे फोन, साहेबांची बोलणी, आणि ते सगळं डोक्यात घेऊनच फुलेवाडीला घरी यायचो. पोरगी नुसतं बाबा ही वही बघा म्हणाली तरी खेकसायचो. एकदा ती वही छातीशी धरून गप आत गेली, ते मला सहनच झालं नाही, म्हणून बाराशे रुपये भरून नाव घातलं.

पहिला रविवार लई भारी. मॅडम म्हणाल्या आठवड्यात काय काय वाटलं ते लिहा. माझ्या कागदावर एकच शब्द, राग. मग म्हणाल्या आता राग हा शब्द न वापरता लिहा, आणि तिथं अडकलो बघा. हळूहळू धास्ती, अपमान, हिरमोड, शरम असे शब्द निघाले आणि कळलं की लॉट परत आल्यावर मला राग नाही, धास्ती वाटते. 2007 मध्ये अमेरिकेत लीबरमन आणि त्यांच्या टीमनं मेंदूचं स्कॅनिंग करून बघितलंय, फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे धोका दिसला की खवळणारा भाग, थंडावतो.

दुसऱ्या रविवारी श्वास, चार आकड्यात आत, सहा आकड्यात बाहेर, बास.

तिसरा मात्र चुकवू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली पद्धत आहे, घटना वेगळी, तिच्याबद्दल आपण धरलेली समजूत वेगळी, आणि त्रास होतो तो बराचसा त्या समजुतीनं. माझी समजूत काय, तर माझ्याकडून चूक होताच कामा नये. मॅडमनी त्यातल्या 'च'वर बोट ठेवलं. चूक होऊ नये असं मला वाटतं, पण झाली तर कारण शोधून दुरुस्त करता येते, असं लिहून घेतलं. घरीपण तेच की, पोरीनं ऐकलंच पाहिजे, जेवण वेळेतच पाहिजे, सगळीकडं च.

आता येताना रंकाळ्यावर गाडी लावून दहा मिनिटं बसतो, आज नक्की काय वाटतंय त्याला नाव देतो, मगच घरी. परवा पोरीनंच दारात विचारलं, बाबा आज धास्ती का कंटाळा? म्हटलं कंटाळा, तर म्हणाली मग चला कॅरम खेळू. किती दिवसांनी खेळलो आम्ही!

कमी काय वाटलं, तर चाळीस माणसं एका हॉलमध्ये, स्वतःचं बोलायला पाच मिनिटंपण मिळत नाहीत, आणि चौथा रविवार नुसत्या स्लाइड पळवण्यात गेला. आणि झोप उडालीय, जगणं नको वाटतंय अशी अवस्था असेल तर वर्कशॉपच्या भरवशावर राहू नका, सरळ डॉक्टरकडं जा किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, रात्रीपण लागते.

पाचपैकी चार स्टार. जमलं तर जोडीनं जा, मिसेसनी पुढच्या बॅचला नाव घातलंय.