एम्युलेटर चाचण्यांसाठी भाड्याचा सर्व्हर की कार्यालयातला संगणक?

आडत दुकानांच्या हिशेबपट्ट्या बनवणाऱ्या आमच्या अँड्रॉइड ॲपच्या स्वयंचलित चाचण्या रात्री एम्युलेटरवर, म्हणजे संगणकात चालणाऱ्या आभासी फोनवर, चालतात. लातूरमधील आमच्या छोट्या चमूने त्यासाठी भाड्याचा क्लाउड सर्व्हर वापरला आहे आणि कार्यालयातला स्वतःचा लिनक्स संगणकही. कोअर, मेमरी आणि भाड्याचे कोष्टक कुठेही सापडेल, त्यामुळे त्यात शिरत नाही.

क्लाउडची सोय मान्यच करायला हवी. वीज गेली तरी तो चालू असतो, आणि हंगामाच्या तोंडावर चार एम्युलेटर जास्त लागले तर तासाभरात उभे करता येतात. मात्र तो सर्व्हर स्वतःच एक आभासी यंत्र असतो आणि एम्युलेटर त्याच्या आत चालणारे दुसरे. बाहेरच्या हायपरवायझरने (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसरची आभासीकरणाची सुविधा, म्हणजे इंटेलचे व्हीएमएक्स किंवा एएमडीचे एसव्हीएम, आत पोहोचू दिली तरच केव्हीएम, म्हणजे आभासी यंत्रे वेगाने चालवणारी लिनक्समधली सोय, चालते. ती सुविधा सगळ्याच प्रकारच्या सर्व्हरवर मिळत नाही, आणि मिळते तिथेही अनेकदा वेगळी सुरू करावी लागते.

एवढ्यावर माझी तक्रार नव्हती. वैताग आला तो बिघाड ज्या रीतीने समोर येतो त्याचा. केव्हीएम नसेल तर एम्युलेटर तसा स्पष्ट संदेश देऊन थांबतो, पण चाचण्या चालवणारी आपली स्क्रिप्ट त्याला पार्श्वभूमीत सुरू करून पुढे एडीबीकरवी (उपकरणाशी बोलणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाकरवी) उपकरणाची वाट पाहत बसते, आणि सकाळी अहवालात 'टाइमआउट' एवढाच शब्द उरतो. त्यावर उपाय म्हणून कोणी ॲक्सेलरेशन, म्हणजे केव्हीएमची ही मदत, बंद करण्याचा पर्याय स्क्रिप्टमध्ये घातला, की दुखणे आणखी लपते. एम्युलेटर रडतखडत सुरू होतो, 'पट्टी तयार करा' हे बटण दाबल्यावर पाच सेकंदांत प्रतिसाद आला नाही म्हणून 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही चौकट मध्येच उघडते, आणि पुढची प्रत्येक टिचकी त्या चौकटीवर अडते. आज एक चाचणी नापास, उद्या दुसरीच. आणि सगळे जण ॲपच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

कार्यालयातल्या संगणकाचे नखरे वेगळे आहेत. उन्हाळ्यात वीज जाते, इन्व्हर्टर दमतो, आणि वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा ही बायोसमधली (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीतली) सोय आधीच लावून ठेवावी लागते. काही जुन्या मदरबोर्डवर बटण सेल संपलेला असेल तर वीज गेल्यावर बायोस मूळपदावर येते आणि एसव्हीएम पुन्हा बंद होते. पण 'केव्हीएम-ओके' ही आज्ञा दिली की ते तिथल्या तिथे कळते, आणि नवा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही मिळतो. वापरकर्ता केव्हीएम गटात नसल्याने परवानगी नाकारली जाणे, ही राहिलेली नेहमीची अडचणही एका आज्ञेत आणि पुन्हा लॉगिन केल्यावर मिटते.

तुमचा चमू तीन गावांत विखुरलेला असेल किंवा एका वेळी बरेच एम्युलेटर लागत असतील, तर क्लाउड घेणे कदाचित योग्यच ठरेल. तसे असल्यास स्क्रिप्टच्या आरंभीच केव्हीएमची तपासणी घाला, ती नापास झाल्यास पुढे काहीही चालू देऊ नका, आणि एम्युलेटरचा लॉग वेगळ्या फाइलीत जपा. आमच्यासारखा एका खोलीत बसणारा चमू असेल, तर मी आधी एक बरासा संगणक आणि दणकट यूपीएस घेईन.