पंढरपुरी म्हैस : दिवाळीपासून आषाढीपर्यंतचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यात म्हैस घ्यायची म्हटलं की आधी जातीचा हाच वाद निघतो, मुऱ्हा की पंढरपुरी? आम्ही दिवाळीनंतर पंढरपुरी घेतली. दुसऱ्या वेताची, पाठीशी रेडी. हिवाळा गेला, अख्खा उन्हाळा गेला, आता पाऊस सुरू झालाय. दोन-तीन जनावरांचं घर, मे महिन्यात तळ गाठणारी विहीर आणि वैरण म्हणजे मुख्यतः ज्वारीचा कडबा, अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांनी हीच म्हैस घ्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

कार्तिकीला वाखरीच्या बाजारात, नंतर सांगोल्याच्या बाजारात पुष्कळ म्हशी पाहिल्या. बाजारात धार न काढता कास तुंबवून आणतात, दिसायला भरगच्च दिसते. म्हणून शेवटी मोहोळ तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याच्या दावणीवरची घेतली. संध्याकाळी समोर बसून कास पूर्ण रिकामी करून घेतली, तिथंच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही धारा मापून मगच पैसे दिले. विकणारा खरा माणूस असेल तर याला कधीच नाही म्हणत नाही. चारही सड स्वतः पिळून बघा, एखादा बारीक धार देत असेल तर जुन्या दगडीची (कास सुजण्याच्या रोगाची) शंका घ्या.

शिंगांबद्दल आधी कुणी नीट सांगत नाही. या जातीची शिंगं तलवारीसारखी मागं, खांद्यापर्यंत आणि त्याहीपलीकडं जातात. आमच्या गोठ्यात गव्हाणीवर लोखंडी पाइप आडवे होते, त्यात ती मान घालायची आणि बाहेर काढताना शिंग अडकायचं. पहिल्याच आठवड्यात पाइप कापून टाकले. दोन म्हशींच्या मधली जागा नेहमीपेक्षा जास्त ठेवा आणि लहान मुलांना मागच्या बाजूनं तिच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. ती मारकी मुळीच नाही, पण माशी बसली की मान झटकते आणि शिंगाचं टोक कुठवर पोचेल याचा अंदाज येत नाही.

दूध ऐन भरात दोन्ही वेळचं मिळून आठ लिटरपर्यंत गेलं. आता गाभण आहे, चारवर आलंय. शेजारी मुऱ्हा आहे, तिचं दूध हिच्यापेक्षा बरंच जास्त, हे मान्यच. पण डेअरीवर भाव नुसत्या लिटरवर नाही, दुधाच्या कसावर ठरतो. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पाया धरतात, आमचं फॅट बहुतेक दिवस सातच्या वर लागलं. शिवाय शेजारच्या मुऱ्हाला लागणारी पेंड आणि हिरवा चारा बघितला की हिशोब बराच जवळ येतो. दूध देणाऱ्या म्हशीला दर दोन लिटरमागं एक किलो खुराक आणि अंगासाठी किलो-दीड किलो वेगळा, हे माप आम्ही पाळलं. सरकी पेंड, मक्याचा भरडा, वर खनिज मिश्रण. बाकी पोट कडब्याच्या कुट्टीवर. घरातलं दही म्हणाल तर सुरीनं कापावं असं लागतं; कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हे दही असलं की आमच्याकडं कालवण कुणी विचारत नाही.

धार काढायला ती फार समजूतदार आहे. कोल्हापुरात गवळी याच जातीच्या म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर थोडी थोडी धार काढून देतात, ते का जमतं हे आता कळतं. रेडीला चार घोट पाजले, कास कोमट पाण्यानं पुसली की पान्हा सोडते. माझ्याकडं आणि आत्याबाईंकडं दोघींकडंही सोडते.

आता उन्हाळा. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फारच कमी, अंगावर केस विरळ आणि कातडी काळी. म्हणजे ऊन सगळं आत जातं आणि बाहेर टाकायला वाट नाही. काटक जात असली तरी ही अडचण हिलाही आहेच. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की ती तोंड उघडून धापा टाकायची, दुपारची कुट्टी तशीच पडून राहायची आणि संध्याकाळचं दूध लगेच उतरायचं. आम्ही तीन गोष्टी केल्या. पत्र्यावर उसाचं पाचट जाड अंथरून बांधलं. दुपारी वैरण टाकणं बंद करून रात्री नऊनंतर आणि पहाटे टाकायला लागलो. आणि दिवसातून तीनदा अंगावर पाणी. डुंबायला तळं नाही, म्हणून पाइपनं, डोक्यापासून कासेपर्यंत सावकाश. पिण्याचं पाणी सावलीतल्या हौदात. उन्हाचं तापलेलं पाणी ती हुंगून सोडून देते. दूध घटलं, पण अर्ध्यावर आलं नाही आणि म्हैस खंगली नाही. ज्यांच्याकडं मे महिन्यात एका म्हशीच्या पिण्याला आणि अंगावर घालायला मिळून रोज दीडशे लिटर तरी पाणी निघणार नाही, त्यांनी कुठल्याच जातीची म्हैस घेऊ नये, तिचे हाल होतात.

माजाचंही उन्हाशीच नातं आहे. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, ओरडत नाही, उन्हाळ्यात तर कळतच नाही. म्हणून थंडीतच ती भरवून घेणं महत्त्वाचं. माज दर एकवीस दिवसांनी येतो, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली आणि पहाटे, रात्री झोपण्याआधी सोट (माजावर गळणारा चिकट स्राव) दिसतोय का ते बघत गेलो. माघात रेतन झालं, तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून गाभण सांगितलं. मुऱ्हाचं रेत सहज मिळत होतं, आम्ही आग्रह धरून पंढरपुरीचंच मागवलं. आपल्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव लावणारी जात आपणच शुद्ध ठेवली नाही तर कोण ठेवणार?

उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) फुकट मिळतात म्हणून गाळपाच्या दिवसांत सगळे तेच टाकतात. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून बसतं. आम्ही वाढे कमीच दिले, तेही चुन्याची निवळी शिंपडून.

रेडी चांगली वाढतेय. म्हशीच्या पिलांना आईच्या दुधातूनच जंत होतात, त्यामुळं जंताचं पहिलं औषध जन्मानंतर दहा-पंधरा दिवसांतच द्यावं लागतं. ते आधीच्या मालकानं दिलं होतं, पुढचे डोस आम्ही चुकवले नाहीत. मृगाआधी म्हशीला घटसर्पाची (जनावराचा गळा सुजणाऱ्या रोगाची) लसही टोचून घेतली. गाईपेक्षा म्हशीला तो रोग जास्त झोंबतो. म्हैस साधारण दहा महिने दहा दिवसांनी विते, म्हणजे आमची मार्गशीर्षात विणार. त्याच्या दोन महिने आधी धार पूर्ण बंद करायची, तेवढ्या दिवसांच्या दुधासाठी आता दुसरी बघतोय, तीही पंढरपुरीच.