एक दिवसाआड उपास की ठरल्या वेळेत जेवण?

आर्णीकडच्या मामेभावाला पोट उतरवायचंय. ऐन सोयाबीन सोंगणीत कोणता उपास धरावा, हा त्याचा पेच. खर्च दोन्हींत शून्य. उंदरांवर दोन्ही करून झालंय.

एक दिवसाआड: 2003 च्या प्रयोगात उंदरांनी खायच्या दिवशी जवळपास दुप्पट हाणलं. वजन फारसं हललं नाही, तरी रक्तातली साखर आणि इन्सुलिन उतरलं. पण एवढ्याशा जिवाला एक उपाशी दिवस आपल्यापेक्षा कितीतरी जड जातो, हे विसरू नका.

ठरल्या वेळेत: 2012 मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेत तेलकट खुराक रात्रीचे 8 तासच दिला. उष्मांक दिवसरात्र चरणाऱ्या उंदरांएवढेच, पण लठ्ठपणा आणि यकृतातली चरबी कमी. उंदीर निशाचर, आपण दिवसा खावं.

सोंगणीवाल्यानं सांजेलाच भाकर आटपावी. दिवसाआड उपास बैठ्या कामवाल्याला. शुगरची गोळी चालू असेल तर दोन्ही डॉक्टरला विचारूनच.