झरमॅट: मॅटरहॉर्न बघायचा असेल तर मुक्कामच करा, फोटो-स्टॉप नको

बेळगावातनं स्वित्झर्लंडला जाऊन येणारे हल्ली बरेच झालेत आणि कुणालाही विचारा, यादी तीच असते, झुरिच, ल्युसर्न, टिटलिस, इंटरलाकेन, युंगफ्राऊ, झालं. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी झरमॅट हे गाव आहे, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि पॅकेजमधी असलंच तर अर्ध्या दिवसाचं असतं, बसनं खालच्या टेश गावापर्यंत, तिथनं छोट्या रेल्वेनं वर, जेवण, फोटो, परत. आम्ही तसं केलं नाही, तिथंच खोली घेऊन राहिलो, सासू-सासरे आणि पोरगं सोबत. आल्यापासनं शहापूर-टिळकवाडीतले ओळखीचे सगळे विचारताहेत की वयस्कर माणसांना झेपतं काय, खायचं काय, खर्च किती, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मुद्द्याचं आधी. मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर उंच आहे आणि तो एकटा उभा आहे, शेजारी खेटून दुसरं शिखर नाही, त्यामुळं आभाळ सगळं निळं असलं तरी ढग नेमका त्याच्याच शेंड्याला येऊन धरतो. सकाळी तो मोकळा असायची शक्यता सगळ्यात जास्त, मग ऊन तापलं की दरीतली गरम हवा वर चढते आणि दुपारपर्यंत डोंगर गायब. आता पॅकेजवाली मंडळी पोचतात कधी, तर बारा-एकला. स्टेशनसमोर एक मोठा मराठी ग्रुप भेटला होता, त्यांना मॅटरहॉर्न कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा कळलं नव्हतं, कारण तिकडं नुसतं पांढरं, आणि परतीची गाडी तासाभरात. इतका पैसा घालून इतक्या लांब आलेली माणसं, लई वाईट वाटलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, झरमॅट करायचं तर मुक्काम करा, हाताशी एक मोकळा दिवस ठेवा, आणि डोंगरावर जायच्या गॉर्नरग्राट रेल्वेचं तिकीट इथनं निघताना काढून ठेवू नका. सकाळी उठायचं, वरच्या स्टेशनांवरचे वेबकॅम मोबाईलवर बघायचे, डोंगर दिसला की तिकीट काढायचं. तिथले हॉटेलवालेपण हेच सांगतात.

जायचं कसं ते सोपं आहे. झुरिच एअरपोर्टच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथनं फिस्प, फिस्पला गाडी बदलायची, मग झरमॅट, सगळं मिळून साधारण साडेतीन तास. वाटेत लोचबर्गचा ३४.६ किलोमीटरचा बोगदा लागतो, २००७ साली सुरू झालेला. फिस्पला गाडी बदलायला मिनिटं कमी असतात, त्यामुळं मोठ्या दोन बॅगांपेक्षा छोट्या चार बऱ्या, आणि समजा गाडी चुकली तरी पुढची येतेच, घाबरायचं कारण नाही. फिस्पनंतरचा तासाभराचा प्रवास मात्र खिडकीला नाक लावून करायचा, दरी अरुंद होत जाते, चढ आला की रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत गाडीचं चाक अडकतं आणि गाडी हळू, ठाम वर चढायला लागते. हा मार्ग १८९१ पासनं आहे.

गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी. स्वतःची गाडी घेऊन आलात तर ती पाच किलोमीटर खाली टेशला सोडायची आणि शटल रेल्वेनं वर यायचं. गावात फिरतात त्या डब्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक टॅक्सी आणि बस, काही ठिकाणी घोडागाडी. आवाज अजिबात नसतो हे चांगलं, पण लहान पोरं असतील तर जरा जपून, मागनं गाडी आलेली कळतच नाही. खोली घेताना स्टेशनपासनं किती लांब यापेक्षा किती चढावर आहे ते बघा, कारण नकाशात पाच मिनिटं दिसतात आणि ती पाच मिनिटं सगळी उभ्या चढाची असतात, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आम्ही हे आधीच विचारून घेतलं आणि नदीकाठची सपाटीवरची खोली धरली. बरीच हॉटेलं स्टेशनवर आपली इलेक्ट्रिक गाडी पाठवतात, बुकिंग करताना तेपण विचारा.

आता गॉर्नरग्राट रेल्वे, सगळ्या ट्रिपचा जीव तिथं आहे. १८९८ साली सुरू झाली, स्वित्झर्लंडातली पहिली विजेवर चालणारी दातेरी रेल्वे, ३३ मिनिटांत १,६०० मीटरवरनं ३,०८९ मीटरवर नेते. वर जाताना उजव्या बाजूला बसा, मॅटरहॉर्न त्या अंगाला. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या समोर बर्फच बर्फ, खाली गॉर्नर ग्लेशियर, त्याच्यावरच्या मळकट रेघा नीट दिसतात, पलीकडं मोंटे रोझा, ज्याचं ड्युफूरश्पिट्झ हे ४,६३४ मीटरचं टोक स्वित्झर्लंडातलं सगळ्यात उंच. चार हजार मीटरच्या वरची शिखरं इथनं २९ दिसतात म्हणतात, आमच्या पोरानं बोर्ड बघून मोजायला घेतली होती, मधीच कावळ्यासारखे पिवळ्या चोचीचे पक्षी आले आणि मोजणी तिथंच राहिली. सासरे काही न बोलता कठड्याला धरून उभे होते, बराच वेळ. आयुष्यभर पोस्टाच्या नोकरीत दुसऱ्यांची पत्रं वाटली त्यांनी, स्वतः कधी चेन्नईच्या पुढं गेले नव्हते. त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा सगळा खर्च करायला तयार आहे, खरंच सांगते.

वयस्कर मंडळींचं म्हणाल तर, बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे आणि इथं तुम्ही तीन हजारावर जाता, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे ३० टक्के कमी असतो. बीपी, हार्ट किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचाराच. झरमॅटला मुक्काम असला की शरीराला १,६०० मीटरची एक रात्र मिळते, हा मुक्कामाचा अजून एक फायदा. वर गेल्यावर पळापळ करायची नाही, पाणी पीत राहायचं, डोकं दुखायला लागलं की पुढच्या गाडीनं खाली. ह्याच्याहून उंच मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाईज आहे, ३,८८३ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच केबलकार स्टेशन, तिथं म्हाताऱ्यांना न्यायचं आम्ही टाळलं आणि मला ते बरोबर वाटतं. गॉर्नरग्राटवरनं सगळं दिसतंच की.

उतरताना सरळ खाली येऊ नका. मधल्या रोटेनबोडेन स्टेशनला उतरा, तिथनं थोडं चालून रिफेलझे नावाचं तळं आहे, वारा नसेल तर आख्खा मॅटरहॉर्न पाण्यात उलटा दिसतो. इथंपण सकाळच, कारण वारा उठला की पाणी हललं आणि चित्र गेलं. तळ्यापासनं रिफेलबर्ग स्टेशनपर्यंत उताराची वाट आहे, चालणाऱ्यांनी चालावं, बाकीच्यांनी पुन्हा गाडी पकडावी.

तिकिटाचं गणित. गॉर्नरग्राटचं जाऊन-येऊन भाडं उन्हाळ्याच्या हंगामात माणशी शंभर फ्रँकच्या वर जातं, त्यामुळं पास कुठला हा प्रश्न मोठा आहे. स्विस ट्रॅव्हल पास असला तर झरमॅटपर्यंतचा प्रवास त्यात येतो आणि गॉर्नरग्राट अर्ध्या भाड्यात. हाफ फेअर कार्ड एक महिना चालतं आणि रेल्वेसकट जवळपास सगळं अर्ध्यावर आणतं. रोज नवीन गावाला पळणार असाल तर पास घ्या, पण एका जागी राहून डोंगर बघणार असाल तर हाफ फेअर कार्डचा हिशोब नक्की मांडून बघा, बेळगावातल्या एका एजंटानं आम्हाला पासच घ्या म्हणून लई आग्रह केला होता, आम्ही कागदावर बेरीज केली आणि कार्डच स्वस्त निघालं. सोबत ६ ते १५ वर्षांची मुलं असतील तर स्विस फॅमिली कार्ड फुकट मागून घ्या, आई किंवा बाबांसोबत मुलांचा प्रवास फुकट होतो. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

खायचं-प्यायचं. हॉटेलात चार माणसांचं साधं जेवणसुद्धा खिशाला चांगलंच लागतं, आणि शाकाहारी म्हटलं की र‍्योस्टी (किसलेल्या बटाट्याची परतलेली थापी), पास्ता, चीज, पुन्हा चीज. राक्लेट हा झरमॅट ज्या प्रांतात आहे त्या ‘वाले’चाच पदार्थ, तापवून वितळलेलं चीज उकडलेल्या बटाट्यावर घालतात, सोबत छोटे लोणच्याचे कांदे आणि काकडी, एकदा खाऊन बघाच. फोंड्यूमधी, म्हणजे ब्रेड बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमधी, वाईन असते आणि बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमधी वासराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरतात तो वासराच्या पोटातला रस, त्यामुळं पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. आम्ही किचनवाली खोली घेतली होती, स्टेशनसमोरच कोपचं सुपरमार्केट आहे, तांदूळ, डाळ, दही, भाजी सगळं मिळतं, नळाचं पाणी सरळ प्यायचं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

इथनं काय न्यायचं हे मात्र नीट ऐका. भारतातनं स्वित्झर्लंडला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे बेळगावचा कुंदा नाही, पेढे नाहीत, कुणी तिकडं राहणारं पाहुणं कितीही मागू दे. ताजी भाजी, फळं, कढीपत्तापण नको. आमच्या सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतली होती, भाकऱ्या शेवटपर्यंत कुरकुरीत राहिल्या, दोन डोंगरांच्या मधी बाकावर बसून दही-चटणी-भाकरी खाल्ली, शेजारच्या जर्मन आजीबाईंनीपण चटणी चाखली आणि पाण्याची बाटली शोधायला लागल्या, सासूबाईंनी लगेच दही पुढं केलं.

गाव बघायला एक दिवस ठेवा, म्युझियम सोडलं तर तिकीट लागत नाही. हिंटरडोर्फ म्हणून जुनी वस्ती आहे, उन्हानं काळी पडलेली लाकडी कोठारं, काही काही कित्येक शतकांची. प्रत्येक कोठार लाकडी खांबांवर उचललेलं आणि खांब नि कोठार ह्यांच्या मधी एकेक मोठी गोल सपाट दगडी चकती. उंदीर खांबावरनं चढून येतो पण चकतीच्या खालच्या अंगाला उलटं लटकून पुढं जाता येत नाही, धान्य सुरक्षित. सासऱ्यांना हे भलतंच आवडलं, आपल्याकडं कणगी जमिनीपासनं उचलून ठेवायचे तसंच डोकं हे, म्हणाले. चर्चजवळ म्युझियम आहे जमिनीखाली, तिथं १८६५ ची दोरी ठेवलीय. त्या वर्षी १४ जुलैला सात जण पहिल्यांदा मॅटरहॉर्नवर पोचले, उतरताना दोरी तुटली आणि चार जण गेले, इंग्रज गिर्यारोहक व्हिम्पर आणि झरमॅटचे वाटाडे टाउगवाल्डर बाप-लेक तेवढे परत आले. दोरी बघितली की अंगावर काटा येतो, इतकी बारीक आहे, घरात कपडे वाळत घालायला आपण त्याच्याहून जाड वापरतो. म्युझियमनंतर बाहेरची गिर्यारोहकांची स्मशानभूमी बघा, पोरांना शांत राहायला सांगून. आणि पहाटे किर्शब्र्युके पुलावर जा, फुकट आहे, सूर्य उगवताना आधी फक्त टोक तांबडं होतं, मग रंग हळूहळू खाली उतरतो, गर्दी असते पण कुणी धक्काबुक्की करत नाही.

परतताना आम्ही जिनेव्हाकडनं निघालो, तर सिएरच्या आसपास बोर्डं जर्मनमधनं फ्रेंच झाली, प्रांत एकच, भाषा दोन. दुकानदार दोन्ही बोलतात, गिऱ्हाईक बघून भाषा बदलतात. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आवडलं नाही ते असं. महाग आहे, त्याला इलाज नाही. मेन रस्त्यावर घड्याळांची आणि जॅकेटांची दुकानं एकाला एक लागून, संध्याकाळी गर्दी इतकी की चालवत नाही. पावसाचा दिवस लागला तर गावात करण्यासारखं कमी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, जायचं कधी. आपल्याकडं कर्नाटकात शाळांना सुट्टी एप्रिल-मेमधी, आणि झरमॅटला नेमका मे हा अडनिडा महिना, स्कीचा हंगाम उतरलेला, उन्हाळा सुरू झालेला नाही, बरीच हॉटेलं-रेस्टॉरंटं बंद, पाच तळ्यांची प्रसिद्ध वाट बर्फाखाली. गॉर्नरग्राट रेल्वे वर्षभर चालते, त्यामुळं बर्फच बघायचा असेल तर मे चालेल, पण चालायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर. नोकरी-शाळा सांभाळून जाणाऱ्यांना मी दसऱ्याची सुट्टी सुचवेन, ऑक्टोबरमधी लार्चची झाडं पिवळी व्हायला लागतात, गर्दी उतरलेली असते, थंडी मात्र पहाटे चांगली असते, थर्मल घ्याच.

दसऱ्याला जायचं तर जूनलाच हलायला लागा. स्वित्झर्लंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासनं करता येतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसून बेंगळूरला गेलो आणि काम करून दुसऱ्या रात्री परत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, वयस्करांचा प्रीमियम जास्त बसतो तो बजेटमधी धरा. आणि खोली कॅन्सल करता येईल अशीच बुक करा, व्हिसा हातात येईपर्यंत.