कायओएस की अँड्रॉइड गो? आमच्या घरातल्या दोन फोनचा रिव्ह्यू

"आईवडलांना कुठला फोन घेऊ गं?" हा प्रश्न सांगलीत मला सारखा कोणतरी विचारतं, कारण आमच्या घरी दोन्ही नमुने आहेत. तात्यांच्या हातात अँड्रॉइड गो आणि आईच्या हातात कायओएसवाला कीपॅड फोन. दोघं तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत, मी इकडं विश्रामबागला, त्यामुळं दोन्ही फोनचं कस्टमर केअर मीच. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण मुद्दा मॉडेलचा नाहीच, आतल्या सिस्टिमचा आहे.

ज्यांना कायओएस म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही तो बघितलाय, फक्त नावानं ओळखत नाही. जिओफोन आठवतोय का, २०१७ ला आलेला, १५०० रुपये डिपॉझिटवाला, त्याच्या आत हेच होतं. दिसायला जुना बटणाचा फोन पण आत ४जी, वायफाय, यूट्यूब, अ‍ॅप स्टोअर. आणि हे काय एकदम आभाळातनं पडलेलं नव्हतं, त्याच्याआधी मोझिलाचं फायरफॉक्स ओएस होतं, २०१४ ला इंटेक्सचा क्लाउड एफएक्स म्हणून १९९९ रुपयांचा टचस्क्रीन फोन आलेला बघा, १२८ एमबी रॅमचा, तो त्याच्यावरच चालायचा. तो प्रयोग फसला, मोझिलानं फोनमधनं अंग काढून घेतलं, मग तोच कोड उचलून कुणीतरी टचस्क्रीनच्या ऐवजी बटणांवर बसवला आणि झालं कायओएस. डोकं लावलं राव त्यांनी. टचस्क्रीनमध्ये अँड्रॉइडशी भांडण्यापेक्षा जिथं अँड्रॉइड पोचतच नाही तिथं जाऊन बसायचं. चाललं पण, २०१८ मध्ये भारतात आयफोनच्या पुढं जाऊन दोन नंबरला आल्याच्या बातम्या होत्या, गुगलनं त्यात २.२ कोटी डॉलर घातले.

अँड्रॉइड गो जिओफोनच्याच वर्षातलं, २०१७ च्या शेवटी आलं. नाव वेगळं असलं तरी ते अँड्रॉइडच, कमी रॅमच्या स्वस्त फोनसाठी हलकं केलेलं, सुरवातीला ५१२ एमबी ते १ जीबी रॅमसाठी. ही हलकं वगैरेची गोष्ट पुढं सांगते.

आता खरा रिव्ह्यू.

कायओएसची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे बटणं. हे ऐकायला फालतू वाटेल पण बागेत काम करणाऱ्या माणसाचा हात एकदा बघा. ऑक्टोबर छाटणी झाली की विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणी सुरू, बोटं फाटलेली, औषधानं सुकलेली, टोकाची कातडी जाड झालेली. अशा बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, फिंगरप्रिंट तर अजिबात नाही (रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, तोच प्रकार). हात ओला असेल तर अजून मज्जा, एक दाबलं की भलतंच उघडतं. बटणाला यातलं काही लागत नाही. आईला टच फोन एकदा दिला होता तर म्हणाली, "काच पुसल्यागत करायचं मला न्हाई जमत बया, दाबलं की वाजलं पायजे." बास. यूजर इंटरफेसवर एवढा सरळ रिव्ह्यू मी कुठं वाचलेला नाही.

फोन आला तर हिरवं बटण, ठेवायचा तर लाल. अंधारात पण सापडतं. अँड्रॉइडवर फोन आला की कधी वर सरकवा, कधी बाजूला सरकवा, कधी वरच्या पट्टीत बारीक "उत्तर द्या" येतं, आणि अपडेट आलं की परत बदलतं. तात्यांनी पहिल्यांदा किती फोन कट केले असतील ते त्यांनाच माहीत, आणि समोरच्याला वाटायचं तात्या रागावलेत.

बॅटरीचं तर बोलायलाच नको. छोटा स्क्रीन, मागं चालणारी अ‍ॅप जवळजवळ नाहीत, त्यामुळं आईला चार्जर कुठं ठेवलाय हेच आठवावं लागतं. तात्यांचा रोज रात्री लावायला लागतो आणि शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला उठल्यावर बघतात तर प्लगचं बटणच दाबलेलं नसतं. हे फोनचं नाही, तात्यांचं.

अजून एक गोष्ट, ही फारसं कोणी बोलत नाही पण माझ्या मते पहिल्या तीनात यायला पायजे. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल (म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकायची फाईल) येते, नाहीतर पीएम किसानच्या नावानं येते, ती दाबून इन्स्टॉल केली की मेसेज वाचायचा अधिकार तिकडच्या चोराला आणि खातं साफ. पोलीस सायबर सेल सारखं सांगतात, तरी लोकं दाबतात, कारण लग्नसराईत पत्रिका आली तर कोण नाही उघडणार ओ! कायओएसवर एपीके चालतच नाही. स्क्रीन शेअर करायला लावणारी अ‍ॅप पण नाहीत. चोरानं कितीपण डोकं आपटलं तरी त्या वाटेनं आत यायला दारच नाही. ओटीपी तोंडानं सांगितला तर मात्र कुठलीच सिस्टिम वाचवू शकत नाही, ते वेगळं शिकवायला लागतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग घ्या की कायओएस, झालं. थांबा.

व्हॉट्सअ‍ॅप. जिओफोनवर ते सप्टेंबर २०१८ ला आलं, पुढच्या वर्षी बाकीच्या कायओएस फोनवर पण आलं, आणि गावाकडं हे फोन खपले ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळंच. मग जून २०२४ पासून कायओएसच्या स्टोअरमधनं नवीन डाऊनलोड बंद, आणि ज्यांच्याकडं होतं त्यांचं २०२५ च्या सुरवातीला बंद. आणि गंमत बघा, त्या वेळी २०१४ सालच्या अँड्रॉइड ५ वर मात्र व्हॉट्सअ‍ॅप चालूच होतं. म्हणजे कपाटात पडलेला दहा वर्षं जुना अँड्रॉइड काढला तर तो चालतोय, आणि नंतर घेतलेला ठणठणीत कायओएस फोन बसला. नवीन सिस्टिम आणि मुरलेली सिस्टिम यातला फरक हाच आहे, रॅम आणि कॅमेरा नंतर. अँड्रॉइडवर एवढी जनता आहे की अ‍ॅपवाल्याला सोडून जायची हिंमत होत नाही. कायओएसवर तो पाहुणा होता, उठला आणि गेला.

तुम्ही म्हणाल आईला व्हॉट्सअ‍ॅप कशाला लागतंय. मला पण शहरात बसून तसंच वाटायचं. बचत गटाची मीटिंग ग्रुपवर, भाच्याच्या पोराच्या बारशाचं आमंत्रण ग्रुपवर, शाळेचं ग्रुपवर, आणि गावात कुणी गेलं तर ते पण ग्रुपवर. आधी माणूस पाठवायचे घरोघर, आता "ग्रुपवर टाकलंय की" म्हणतात. बंद झाल्यावर आईला फोन नसल्यासारखं झालं असं नाही, पण सगळ्या बातम्या तात्यांच्या मार्फत यायला लागल्या आणि तात्या निम्म्या सांगायचे विसरतात.

आणि सांगलीत अजून एक कारण आहे. पावसाळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. तेव्हापासून जुलै उजाडला की कोयनेतनं किती क्युसेक सोडलं, पुलाला किती फूट झालं, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, पाणी मोजायच्या पट्टीच्या फोटोसकट. माझी मावशी हरिपूरला असते, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या अगदी जवळ, तिच्या घरात तर त्या दिवसात टीव्हीपेक्षा फोनकडं जास्त लक्ष. हो, त्यात अफवा पण असतात, धरण फुटल्याचे मेसेज दरवर्षी येतात, पण ४० फूट झालं की सामान वर चढवायचं हे ज्या बाईला ठरवायचंय तिला तो फोटो लागतो.

तात्यांच्या बाजूनं बघितलं तर कायओएसचा विषयच संपतो. डाऊनी (द्राक्षावरचा रोग) आला, कुठलं औषध, पानाचा फोटो काढून सल्लागाराला पाठव, बेदाण्याचे सौद्याचे दर, हवामान, सगळं फोटो आणि व्हॉईस मेसेजवर. त्यात ई-पीक पाहणी. २०२१ पासून सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतात उभं राहून अ‍ॅपमधनं फोटो काढायचा, लोकेशनसकट. कायओएसला ते अ‍ॅप नाही. एका मोबाईलवरनं बऱ्याच खातेदारांची नोंद होते म्हणून गावात कोणीतरी पोरगा सगळ्यांची करून देतो, पण तो पोरगा मोकळा असायला पायजे आणि तुमच्या बांधावर यायला पायजे. सरकार काही नवीन काढतं तेव्हा ते अँड्रॉइडसाठी काढतं. लाडकी बहीणचं पण सुरवातीला नारीशक्ती दूत अ‍ॅपवरच होतं ना. कीपॅडवाल्यांच्या वाट्याला येतो तो फक्त ओटीपी, आणि तो सांगायला मला फोन येतो.

पैशाचं मात्र तितकं अडत नाही. यूपीआय १२३पे म्हणून आहे, २०२२ पासून, कीपॅडवरनं कॉल करून पैसे पाठवता येतात, मर्यादा आता दहा हजारांपर्यंत केलीय. वापरणारा माणूस मी प्रत्यक्ष बघितला नाही तो भाग वेगळा. आई रोख देते, सुट्टे परत मोजून घेते आणि खूश असते.

आता अँड्रॉइड गो ची बाजू, कारण मी त्याचं लई कौतुक केल्यासारखं वाटायला लागलंय. तर तसं काही नाही. तात्यांचा २ जीबी रॅमवाला फोन वैताग आहे. "हलकं केलेलं" हे सिस्टिमपुरतं खरं, पण वरचं व्हॉट्सअ‍ॅप काय हलकं होत नाही, यूट्यूब काय हलकं होत नाही, आणि गुड मॉर्निंगचे फोटो तर रोज वाढतातच. स्टोरेज भरलं की सगळं अडखळतं, कॅमेरा उघडेपर्यंत पानावरचा किडा उडून जातो. अँड्रॉइड १३ पासून गो साठी गुगलनंच किमान २ जीबी रॅम ठेवलीय, म्हणजे २ जीबी घेणारा माणूस पहिल्याच दिवशी खालच्या पायरीवर उभा. शिवाय स्वस्त फोनमध्ये लॉक स्क्रीनवर जाहिराती, आपोआप येणारी गेम, "फोन साफ करा" म्हणणारी नोटिफिकेशनं, आणि तात्यांना प्रत्येक नोटिफिकेशन म्हणजे सरकारी नोटीस वाटते, उघडून पूर्ण वाचतात.

पण या गोष्टी बसून बदलता येतात, हा त्याचा फायदा. मी काय काय केलं ते सांगते. अक्षर मोठं केलं, भाषा मराठी, सरकवायचं बंद करून खाली तीन बटणं आणली (सेटिंगमध्ये नेव्हिगेशन म्हणून असतं), होम स्क्रीनवर फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा आणि यूट्यूब सोडून सगळं काढलं, व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाऊनलोड बंद, अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकायची परवानगी सगळीकडं बंद आहे का ते तपासलं. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे जीबोर्डचा, म्हणजे गुगलच्या कीबोर्डचा, माईक. मराठीत बोलायचं आणि ते टाईप होतं, २०१७ पासून आहे. तात्या आता मेसेज बोलूनच पाठवतात, "औषध" नीट येतं, औषधाचं नाव आलं की काहीतरी भलतंच छापतं, पण दुकानदार समजून घेतो. आईच्या कीपॅडवर मराठी शब्द लिहायचा म्हणजे एकेका अक्षराला बटण चारदा दाबा, काना वेगळा, वेलांटी वेगळी. तिनं नाद सोडला.

तर माझं मत विचाराल तर हातासाठी कायओएस बरोबर होता, अजून पण बरोबर आहे. पण नवीन घ्यायला मी कोणाला सांगणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप गेल्यावर तो फक्त बोलायचा फोन उरला, आणि बोलायलाच पायजे असेल तर हजार-अकराशेचा जिओभारतसारखा कीपॅड फोन पुरतो, त्याला जास्त पैसे कशाला. आधीच घरात कायओएस असेल आणि माणूस खूश असेल तर हात लावू नका, आईचा मी काढून घेतलेला नाही, घेऊ पण देणार नाही ती. व्हॉट्सअ‍ॅप, पीक पाहणी, फोटो यातलं एक जरी लागत असेल तर अँड्रॉइडच, पण २ जीबीचा नको. दोन-तीन हजार जास्त गेले तरी ४ जीबी रॅम घ्या, गो नसलेला साधा अँड्रॉइड, आणि पहिल्या रविवारी शेजारी बसून सेटिंग करून द्या. दुकानदार करून देतो म्हणतो, तो फक्त स्क्रीनगार्ड लावून देतो.

आणि कीपॅड घेणाऱ्यांनी बॉक्सवर ४जी लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या, काऊंटरवर अजून २जीवाले फोन ठेवलेले असतात, आणि जिओला २जी नेटवर्कच नाही, म्हणजे ते सिम त्यात घातलं तर रेंजच येणार नाही.