ऑर्थो-के लेन्स, दीड वर्षानंतर: नंबर नाही, डोळ्याची लांबी विचारा

लेक रात्री घालून झोपते त्या ऑर्थो-के लेन्सपैकी उजवी परवा धुताना चिरली. नवीन सांगायला क्लिनिकमध्ये गेले आणि तिच्या ॲक्सियल लेंग्थचे, म्हणजे डोळ्याच्या पुढून मागच्या लांबीचे, जुने आकडे मागितले. उत्तर मिळालं, "मॅडम, चष्म्याशिवाय सहा बाय सहा दिसतंय ना? मग लांबी कशाला?"

चष्म्याच्या कित्येक पट पैसे आम्ही मोजले ते नंबर वाढू नये म्हणून, आणि तेच मोजून दाखवायची टाळाटाळ! लेन्स रात्रभर कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मधोमध चपटा करते, म्हणून दिवसा स्वच्छ दिसतं. पण मुलांचा नंबर वाढतो डोळा मागे लांबत गेल्यामुळे, आणि ते दिवसाच्या दिसण्यावरून कळत नाही. 1 मिमी लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. बायोमीटरवर मोजायला दोन मिनिटं लागतात, डोळ्याला हातही लावत नाहीत.

भांडून फाइल मिळवली. त्यात सुरुवातीची लांबी होती, पुढचं सगळं कोरं. शेवटी टिळक रोडच्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये वेगळे पैसे भरून मोजून घेतलं. आकडा पाहून जीव भांड्यात पडला. लेन्सबद्दलची माझी तक्रार तिथंच संपली, क्लिनिकवरचा राग आहे तसाच आहे. हाँगकाँगच्या 2012 च्या अभ्यासात दोन वर्षांत चष्मेवाल्या मुलांचा डोळा सरासरी 0.63 मिमी लांबला, लेन्सवाल्यांचा 0.36. आमची लेक त्या 0.36 च्या वेगाच्याही आत आहे.

पण ही सरासरी आहे. माझ्या भाच्याला हीच लेन्स, तरी फरक कमी. टिळक रोडच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. लहान वयात डोळा भराभर लांबत असतो, तेव्हा रोखायला वाव जास्त. डोळ्याची बाहुली मोठी असेल तर चपट्या भागाभोवतीच्या उंच कड्यातून जाणारा प्रकाश जास्त आत येतो, आणि वाढीला लगाम घालणारा तोच. म्हणूनच लेन्सचा मधला भाग 6 ऐवजी 5 मिमीचा घेतला तर लांबी कमी वाढते, असं अभ्यासात दिसलंय. रात्री दिव्यांभोवती वलयं मात्र जास्त दिसू शकतात. हे सांगायला आधीच्या ठिकाणी कुणाला वेळ नव्हता.

नळाचं पाणी लेन्सला अजिबात लावू नका, मग ते खडकवासल्याचं असो की टँकरचं. त्यातल्या अकॅन्थअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवानं कॉर्निया कायमचा खराब होऊ शकतो. सोल्युशनमध्ये काटकसर करायची नाही, हे मी सांगतेय, जी मंडईत पाच रुपयांसाठी घासाघीस करते. आणि चौदा वर्षांच्या आत मनानं लेन्स बंद करू नका, डोळा पुन्हा वेगानं लांबू शकतो.

नवी लेन्स टिळक रोडलाच सांगितली, 5 मिमीची. दर सहा महिन्यांनी लांबी मोजून छापील रिपोर्ट देणार, हे बिलावर लिहून घेतलंय.